आमच्या ह्यांनी रोबोटला शिकवलं, म्हणे

आमचे हे, म्हणजे ज्योतीराम, चाकणच्या एका कंपनीत चोवीस वर्षं वेल्डर. हातानं ओढलेली रेघ अशी, की इन्स्पेक्टरसुद्धा दोनदा बघतो. कामात खोट नाही, ते मीच सांगते. पण तोरा! नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत.

गेल्या वर्षी कंपनीत वेल्डिंगचे रोबोट आले. तीन आठवड्यांत रोबोट चालवायची परीक्षा पास व्हा, नाहीतर परराज्यातल्या प्लांटला बदली, अशी नोटीस लागली. आमची स्वरूपा दहावीला. म्हणजे ह्यांनी तिकडे एकट्यानं राहायचं, नाहीतर सगळं बिऱ्हाड उचलायचं.

ट्रेनिंगच्या आधी कंपनीनं एका हॉटेलात दोन दिवसांचं शिबिर घेतलं. बदलाला सामोरं कसं जावं, हा विषय. कुणा टायवाल्यानं पडद्यावर सुरवंटाचं फुलपाखरू दाखवलं, चाळीस-पन्नास बाप्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या आणि एकेक टोपी, एकेक सर्टिफिकेट देऊन घरी पाठवलं. हे टोपी घालूनच दारात.

"विजू, माणसानं बदलायला पाहिजे."

मी भाकरी थापत होते. म्हटलं, अगंबाई, खरंच की काय! लग्न होऊन परंड्याहून रहाटणीत आले तेव्हा मला इथला रस्ता ओलांडता येत नव्हता. ब्लाउज शिवले, फॉल-पिको केलं, मग काळेवाडीच्या एम्ब्रॉयडरी कारखान्यात धागे कापायला लागले. आता तिथल्या कॉम्प्युटर मशीनचं पंचिंग करते. म्हणजे सुई कुठून कुठे जाणार ते स्क्रीनवर ठिपक्याठिपक्यानं मांडायचं. त्यातलं इंग्रजी मी वहीत लिहून लिहून पाठ केलं. मला कुठल्या हॉटेलात कुणी फुलपाखरू दाखवलं नाही. आणि ह्यांच्या लेखी मी काय करते? तर शिवणकाम, तेवढाच टाइमपास. कंपनीचा लोगो छातीवर मिरवतात तो माझ्या मशीनवर निघालेला, पण सहा वर्षांत ते मशीन बघायला एकदा आले असतील तर शपथ.

ट्रेनिंग सुरू झालं. शिकवायला मिनल नावाची पंचविशीची इंजिनियर. झालं, ह्यांचं नाक वर. "कालची पोर मला वेल्डिंग शिकवणार?" वहीसुद्धा नेली नाही. दोन आठवडे असेच घालवले, आणि मग एका बुधवारी घरी आले ते ताटावर न बसताच पलंगावर आडवे.

खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. रोबोटच्या हाताला एकेका जागी नेऊन ती जागा रिमोटवर नोंदवायची असते, मग तो त्याच वाटेनं वेल्डिंग करतो. ह्यांनी नोंदवली, पण स्वतः करतात तशी. हातानं वेल्डिंग करताना मध्ये थांबून पाय बदलायचे, जरा मान मोकळी करायची, ही चोवीस वर्षांची सवय. तेवढे थांबेसुद्धा रोबोटला शिकवले! तो शहाणा दर वीतभरावर थांबला, आणि दर थांब्याला रेघेवर गाठ आली. आयटीआयची पोरं पोट धरून हसली. वर स्क्रीनवर सगळं इंग्रजी. ते वाचता येत नाही हे कुणाला सांगायची लाज.

"विजू, बदली घेतो. माझ्यानं नाही व्हायचं," म्हणाले. मला राग आला आणि वाईटही वाटलं. म्हटलं, "उद्या गुरुवार, तुम्हाला सुट्टी आहे. कारखान्यात या."

आले. पायातली चप्पल काढावी की नाही, इथपासून गोंधळ. मी स्क्रीनवर रेघ मांडून दाखवली. "ही सुरुवात, इथे टाका पक्का करायचा. हा शेवट, इथे पुन्हा पक्का. मधे थांबायचं नाही, नाहीतर धागा गोळा होतो. ही नुसती उडी, सुई सरकते पण शिवत नाही. तुमच्यातही तसंच असणार, आग बंद ठेवून हात सरकवायचा."

"हो, तसंच आहे," म्हणाले.

"मग मशीनला पाय आहेत का? थांबता कशाला?"

कारखान्यातल्या बायका हसल्या. हे चक्क खाली मान घालून बसले. चार तास बसले. संध्याकाळी माझी वही मागून घेतली. पुढचे पाच दिवस कंपनीतून थेट माझ्याकडे यायचे, स्क्रीनवरचा एकेक शब्द विचारायचे, मी अर्थ सांगायचे.

परीक्षेत पहिले आले. रेघेत एक गाठ नाही. मिनलनं स्वतः फोन करून मला सांगितलं, बिचारी खूश होती. बदली टळली. त्या दिवशी मी शिरा केला आणि देवापुढे रडले, खोटं कशाला बोलू.

पंधरा दिवसांनी कंपनीत सत्कार झाला. घरच्यांना बोलावलेलं, मी तिसऱ्या रांगेत नवी साडी नेसून. साहेबांनी शाल घातली, माइक हातात दिला आणि विचारलं, या वयात हे जमवलंत कसं? आमचे हे घसा खाकरून म्हणाले, "जिद्द, साहेब. आणि मिसेसनं घर सांभाळलं, म्हणून."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, बघत होते ना सगळे. घर सांभाळलं म्हणे! बसमध्ये कासारवाडीपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते.

घरी आल्यावर दार लावलं, शाल माझ्या खांद्यावर ठेवली आणि हळूच म्हणाले, "ही खरं तर तुझीच गं."

"माइक हातात होता तेव्हा काय झालं होतं?"

"चारचौघांत बरं दिसलं नसतं."

मी शाल घडी करून त्यांच्या हातात दिली.

आता दुसरी परीक्षा आहे, दोन रोबोट एका वेळी चालवायची. परवा वही घेऊन समोर बसले. म्हटलं, "सांगते. आधी साहेबांना फोन लावा. म्हणावं, मला बायकोनं शिकवलं. स्पीकरवर ठेवा."

तेव्हापासून फोन हातात घेऊन बसलेत. अजून लावलेला नाही. मलाही घाई नाही.