पावश्या काय म्हणतो?

नवऱ्याची बँकेतून लखनौला बदली झाली आणि आम्ही विकास नगरात राहायला आलो. नव्वदच्या दशकाची ती सुरुवात. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. ती सहा वर्षांची होईतो तिचं मराठी सुटत चाललंय अशी माझी खात्रीच पटली आणि मी हात धुऊन तिच्या मागे लागले. मी काहीही विचारलं की तिचं आपलं, "क्या?" पुन्हा विचारलं तरी "क्या?" शेजारच्या आंटींनी दारात उभं राहून हिंदीत विचारलं की मात्र उत्तर तयार!

"अगं, इथे सगळ्यांच्याच मुलांचं असं होतं," नवरा म्हणायचा. मला ते मान्य नव्हतं. साताऱ्याच्या आईची लेक आणि आईशीच हिंदीत बोलते म्हणजे काय? मी घरात नियमच करून टाकला, मराठीत मागेल तरच मिळेल. एकदा पोळ्या लाटताना तीन हाका मारल्या, तर ही ढिम्म. उठले आणि तिचा कान पिळला. एका कानाने ऐकते आणि दुसऱ्याने सोडून देते, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

पक्ष्यांच्या बाबतीत मात्र आमचं मेतकूट होतं. घरामागे कडुनिंब होता, त्याच्यापलीकडे तेव्हा अजून आंब्याची बाग उरलेली होती. होळीच्या सुमाराला तिथे नुसता कलकलाट. मी एका सुरावरून पक्षी ओळखायचे, त्याचा मला तोराही होता. पण तो नेमका कुठे बसलाय ते ही माझ्याआधी दाखवायची. "आई, वो देखो, पत्ते के पीछे!" बोटाएवढा शिंजीरसुद्धा तिच्या नजरेतून सुटायचा नाही. माझ्यावर गेलीय, असं मला वाटायचं.

एका रविवारी सकाळी गच्चीवर तिला पुढ्यात बसवून मी वेणी घालत होते. शेजारच्या गच्चीवर आंटी आलूचे पापड वाळत घालत होत्या. एवढ्यात बागेतून पावश्या ओरडायला लागला.

"सुन रही हैं? पपीहा है. पी कहाँ, पी कहाँ बोल रहा है," आंटी म्हणाल्या.

मला हसू आलं. आमच्याकडे हाच पक्षी 'पेरते व्हा' म्हणतो. लेकीचं मराठी दाखवायची संधी आयतीच चालून आली होती.

"सांग बघू आंटींना, आपल्याकडे पावश्या काय म्हणतो?"

ती गप्प. मी पुन्हा विचारलं. पावश्याचा सूर दर वेळी वर चढत होता, त्याच्याबरोबर माझा पाराही. आंटींसमोर शोभा नको म्हणून शेवटी मी माझाच नियम मोडला. "अच्छा, हिंदी में ही बता दे. क्या बोल रहा है?"

काही नाही. ती कडुनिंबाकडे बघत बसली होती. माझा हात थांबला. तिच्या अगदी मानेपाशी वाकून मी म्हटलं, "आईस्क्रीम हवं?" मान हलली नाही.

फणी थांबली म्हणून ती वळली. "क्या हुआ, आई?" तिचे डोळे माझ्या डोळ्यांकडे नव्हते. ती माझ्या ओठांकडे बघत होती.

आंटी तिच्याशी समोर उभ्या राहून बोलायच्या. आणि मी? मी सदा ओट्याशी, तिच्याकडे पाठ करून. वर तिचाच कान पिळला होता! मला माझीच किळस आली.

आदल्या हिवाळ्यात तिला मोठा ताप आला होता, बहुधा त्यातच दोन्ही कान गेले, असं डॉक्टर म्हणाले. थोडंसंच उरलं होतं. "इतने दिन घर में किसी को पता नहीं चला?" त्यांनी विचारलं.

परत येताना रिक्षात मी तिची हनुवटी धरून तिचा चेहरा माझ्याकडे वळवला आणि एकेक शब्द सुटा करत विचारलं, "बाळा, ऐकू येत नाही, हे मला सांगितलं का नाहीस?"

तिने माझे ओठ नीट वाचले. मग म्हणाली, "मुझे लगा, मराठी में सब धीरे बोलते हैं."