दादाच्या संकल्पातलं नाव

तीस वर्षं मी इथे काशीत कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. काळ खरंच आहे की नाही, विश्वाला आरंभ असतो की ते चक्रासारखं फिरतच राहतं, यावर मी तासन्‌तास बोलत असे. देवापाशी मात्र माझं मन कधी ठरलं नाही. माझा थोरला भाऊ याज्ञिकी करायचा. पूजेच्या आरंभी हातात पाणी घेऊन तो संकल्प सांगे : कोणता कल्प, कोणतं मन्वंतर, कोणतं युग, मग जंबुद्वीप, भरतखंड, काशीक्षेत्र आणि शेवटी पाटावर बसलेल्या माणसाचं नाव. एवढ्या अफाट पसाऱ्यातून तो एका माणसापाशी येऊन थांबायचा. हे मला आज दिसतं, तेव्हा दिसलं नाही.

मुलीच्या लग्नानंतर घरी पूजा होती. माझे सहकारी आले होते. दादा संकल्प सांगू लागला आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, "दादा, काळ ही मनाची कल्पना आहे. देवाला एवढा लांबलचक पत्ता कशाला सांगतोस? त्याला काय टपाल वाटायचंय?" सगळे हसले. दादाही किंचित हसला, पूजा नीट पुरी केली आणि गेला. तो पुन्हा माझ्याकडे आला नाही. दूधविनायकातल्या माझ्या घरापासून बालाजी घाटाजवळचं त्याचं घर दहा मिनिटांवर. जाईन, क्षमा मागेन, म्हणता म्हणता सहा वर्षं गेली. काळ खोटा म्हणणारा मी, तो भरपूर आहे असं धरून चाललो होतो.

यंदा माघात निरोप आला. मी पोचलो तेव्हा दादा गेला होता. वहिनी एवढंच म्हणाल्या, "दहा मिनिटांची तर वाट होती, भाऊजी."

दादाला मूलबाळ नव्हतं, म्हणून क्रियाकर्म माझ्याकडे आलं. दहाव्या दिवशी घाटावर गुरुजींनी हातावर पाणी घातलं. "माझ्यामागून संकल्प म्हणा," ते म्हणाले. पहिल्याच शब्दापाशी मी अडलो. ज्या शब्दांना हसलो, ते कोणत्या तोंडाने म्हणू? मी पाणी तसंच सोडून दिलं. "माझ्याने नाही होणार, गुरुजी. दुसरं कोणी बघा," म्हणून पायऱ्या चढू लागलो.

वरच्या पायरीवर एक फूलवाली बसली होती. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिने मला माझ्या नावाने हाक मारली.

"पंडितजी के छोटे भइया हैं न आप? चेहरा वही है," ती म्हणाली. "रोज सबेरे नहाकर, हाथ में जल लेकर लंबा मंत्र पढ़ते थे. आखिर में आपका नाम आता था. हमने पूछा, ये कौन हैं? बोले, छोटा भाई है हमारा, उसका भला हो."

"नाराज नहीं थे?" मी कसंबसं विचारलं.

"नाराज आदमी रोज नाम लेता है क्या, भइया?"

मी तिथेच पायरीवर बसून रडलो. मग खाली उतरलो, पुन्हा हात पुढे केला आणि सगळा संकल्प म्हटला. एकही शब्द अडला नाही.

याला कोणी योगायोग म्हणेल. मी वाद घालणार नाही. वाद घालून मी काय गमावलं ते मला माहीत आहे. विश्वेश्वराने मला वरच्या पायरीवरून परत बोलावलं, एवढंच मी मानतो. काळाचं स्वरूप मला अजून कळलेलं नाही आणि ते कळावं हा हट्टही उरलेला नाही. जे समजत नाही ते त्याच्या पायाशी ठेवतो. पण ती सहा वर्षं कुणी परत देत नाही, देवही नाही.

आता रोज सकाळी वहिनींकडे जातो. त्या फारसं बोलत नाहीत. दार मात्र उघडतात.