पाठ करून ऐकलेलं व्हायोलिन

शांतावहिनीचा फोन आला तेव्हा मी व्हायोलिनच्या तारा पुसत होते. "सरूबाई, तुमचे दादा गेले," एवढंच ती म्हणाली. फोन ठेवून मी तारा पुसतच राहिले... पुसलेल्याच पुन्हा. वामनदादा माझा आतेभाऊ. पवनीजवळच्या गावातला सुतार, पण नागपूरच्या वादकांना नवं व्हायोलिन घ्यायचं असलं की ते आधी त्याच्या अंगणात यायचे. स्वतःही तो व्हायोलिनं बनवायचा, वर्षाकाठी जेमतेम एखादं. आता महिना उलटून गेला आहे, म्हणून लिहायला बसले.

तरुणपणी त्यानं झाडीपट्टीच्या नाटकांत रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसून व्हायोलिन वाजवलं होतं. त्याची सगळी पारख तिथली. मागे तणसावर, भाताच्या पेंढ्यावर, बसलेल्या शेवटच्या माणसापर्यंत सूर पोचतो का, आणि पोचेपर्यंत त्याचा गोडवा टिकतो का, एवढंच तो बघायचा. त्यासाठी येणाऱ्याला घरामागच्या बोडीच्या, म्हणजे शेतातल्या लहान तळ्याच्या, पलीकडच्या पाळीवर, बांधावर, उभं करायचा आणि स्वतः अंगणात बसून एकच चाल दोन व्हायोलिनांवर वाजवायचा. जवळून दणदणीत वाटणारी कितीतरी व्हायोलिनं अर्ध्या पाण्यातच दमायची. आत कुठल्या कारागिराच्या नावाचा कागद चिकटवलाय, हे निकाल लागेपर्यंत तो कुणाला सांगू द्यायचा नाही.

मी तेव्हा बावीस वर्षांची. भंडाऱ्याला एका संगीतवर्गात शिकवायचे आणि आपल्याला फार चांगला कान आहे अशा समजुतीत नाक वर करून हिंडायचे. नागपूरच्या एका दुकानात मी एक जुनं परदेशी व्हायोलिन पाहिलं. आत पिवळा पडलेला कागद, त्यावर मला न वाचता येणारं नाव. वाचता येईना म्हणूनच माझी खात्री पटली. आईनं त्यासाठी हातातल्या पाटल्या उतरवून ठेवल्या. दुकानदारानं आठवडाभर वाजवून बघायला दिलं होतं, ते घेऊन मी दादाकडे गेले. खरं सांगायचं तर विचारायला नव्हे, मिरवायला.

"पाळीवर जाय," दादा म्हणाला. "हे वाजवतो अन् माहं वाजवतो. कोणतं बरं, ते सांगजो."

त्याचं व्हायोलिन नवंकोरं होतं, रोगणाचा वासही गेला नव्हता. असल्या व्हायोलिनापुढे हरायचं? मी हळूच स्वयंपाकघरात जाऊन वहिनीला गाठलं. "परदेशी वाजेल तेव्हा तुम्ही डोक्यावर पदर घ्या." वहिनी भाताचं पाणी गाळत होती. वर न बघता म्हणाली, "घेतो न, बाई."

पाळीवरून अंगण दिसत होतं, पण दादाच्या हातात कोणतं व्हायोलिन आहे ते एवढ्या लांबून ओळखू येत नव्हतं. पहिलं व्हायोलिन वाजलं, वहिनी नुसती उभी. दुसरं सुरू झालं आणि पदर डोक्यावर गेला. मी लगेच डोळे मिटले, मान डोलावली, आणि परत येऊन भाषणच दिलं. दुसऱ्या व्हायोलिनात जुन्या लाकडाची खोली आहे, पिढ्यान् पिढ्या वाजल्याशिवाय असा आवाज पिकत नाही... दादानं शांतपणे ते दुसरं व्हायोलिन माझ्या हातात दिलं. रोगणाचा वास आला. मी वहिनीकडे पाहिलं.

"ऊन लागून राह्यलं होतं," ती म्हणाली.

दादा रागावला नाही. "डोळ्यानं आयकून राहिली तू. आता पाठ करून उभी राह्य." मी पुन्हा पाळीवर गेले. तीनदा पाठ करून ऐकलं आणि तिन्ही वेळा त्याचंच निवडलं. परदेशी व्हायोलिन दुकानात परतलं, पाटल्या आईच्या हातात. नवं व्हायोलिन दादानं मला देऊन टाकलं. किंमत विचारली तर म्हणाला, "वाजव आधी, मंग सांगतो." ती त्यानं कधीच सांगितली नाही. मी आजवर तेच वाजवत आले. त्याच्या पोटात कागद नाही. मध्यंतरी एका जाणकारानं आत डोकावून पाहिलं आणि नाव नाही तर मोल कसं करायचं म्हणून ते खाली ठेवलं. मला राग यायला हवा होता, पण त्याच्या वर केलेल्या नाकाची मला जुनी ओळख होती.

शेवटची दोन वर्षं दादाला ऐकू येत नव्हतं. तरी त्यानं एक व्हायोलिन करायला घेतलं. फळी तासायची, जबड्याला टेकवायची, टिचकी मारायची, पुन्हा तासायची. "हाडाले कळते," शेवटच्या भेटीत तो मला म्हणाला. मग बराच वेळ फळीवरून हात फिरवत राहिला. "पण पाळीपर्यंत जाते का नाही, ते मले नाही समजणार. तू सांगजो." तारा चढायच्या आधीच तो गेला.

तेरवी झाल्यावर वहिनीनं ते व्हायोलिन माझ्यापुढे ठेवलं. "खरं सांगजा, सरूबाई. माह्या मनासाठी नका सांगू." तारा मी चढवल्या. माझी नात ईशा सोबत होती, तिला अंगणात बसवून माझं आणि हे, अशी दोन्ही दिली. आधी कोणतं वाजवायचं ते तिनंच ठरवायचं. गुडघे धरत मी पाळीवर पोचले आणि पाण्याकडे पाठ केली.

एक वाजलं, थांबलं. दुसरं वाजलं. मी हात वर करून पुन्हा वाजवायला सांगितलं. मग आणखी एकदा.

परतले तेव्हा वहिनी मागच्या दारातच उभी होती. "वहिनी," मी म्हटलं, "मले दर डाव माहंच वाजते असं वाटलं."

तिनं पदर ओढून तोंडावर घेतला. ईशा गज हातात धरून तशीच बसून राहिली. मी वहिनीला विचारलं, "त्या दिवशी खरंच ऊन लागलं होतं का हो तुम्हाला?"

पदराआडून आवाज आला, "कायचं ऊन, बाई... आभाळ भरून होतं."