घोषणा माझी होती

ऐंशीच्या दशकात मी ब्रह्मपुरीजवळच्या एका शाळेत मास्तर होतो. आमच्या भागाचे तेव्हाचे खासदार म्हणजे धानाची शेती करणारा साधा माणूस. पाच वर्षांत ते लोकसभेत क्वचितच बोलले. निवडणूक आली तेव्हा विरोधकांनी माझ्याकडे घोषणा मागितली. कविता करतो म्हणून गावात माझं नाव होतं. चहा संपायच्या आत मी लिहून दिली: ‘दिल्लीले गेला, मुका होऊन आला.’ पंधरा दिवस ती जीपवरच्या भोंग्यातून गावोगाव फिरली. ते पडले. मला मजा वाटली.

दोन वर्षांनी माझी बदली दूर जंगलात, अहेरीपलीकडे झाली. आई अंथरुणाला खिळलेली, घरी दुसरं कोणी नाही. बदली रद्द करायला वजनदार माणसाची चिठ्ठी हवी होती. निवडून आलेले साहेब काही भेटेनात. शेवटी मी निर्लज्जपणे या माजी खासदारांकडेच गेलो.

ते धानाच्या बांधीतून, शेतातून आले, पायांवरचा चिखल धुतला. “काऊन आले गुरुजी?” सगळं ऐकून खाटेवर बसले आणि स्वतःच लिहू लागले. “माह्यं आता कोन आयकते? पन देतो लिहून.”

त्यांच्या बायकोनं चहा आणला. “गुरुजी, ते मुक्याचं गानं कोनं केलं होतं, तुमाले ठाव हाये का? पोट्टे मागं लागून ओरडत. मी सालभर बजारात गेली नाई.”

“नाही बाई,” मी म्हणालो. “छापखान्यातल्या कोणी केलं असेल.”

“राहू दे ना,” ते मान वर न करता म्हणाले. “खोटं नोहोतं ते. मले तिथली हिंदी जमे नाई. बोलाले उभा राह्यलो का पाय कापत. मंग मी चिठ्ठ्या लिहो, मंत्र्याले, कलेक्टरले. तेवढंच येत होतं.”

तेव्हा सांगायला हवं होतं. मी चहा संपवला आणि चिठ्ठी घेऊन निघालो.

बदली रद्द झाली. आई शेवटपर्यंत माझ्याजवळ राहिली.

पुढे ते वारले. शोकसभेत मला बोलायला लावलं. त्यांच्या साधेपणावर मी बराच वेळ बोललो. लोकांनी डोळे पुसले. सभा संपल्यावर त्यांच्या बायकोनं माझे दोन्ही हात धरले. “तुमीच एक त्याईच्याबद्दल चांगलं बोलले, गुरुजी.”

एसटी सुटेल, असं म्हणून मी हात सोडवून घेतले. एसटीला अजून तासभर होता.