बिबट्याचा धाक

उज्ज्वलाचं माहेर मढचं. तिथं पोरांना बागुलबुवाचा धाक असायचा. तो कुणी कधी पाहिला नव्हता, त्यामुळे त्याला भिण्यातही थोडी गंमतच होती. लग्न होऊन ती पिंपरी पेंढारला आली, तर घराच्या तिन्ही बाजूंना ऊस आणि उसात बिबट्या. शेजारच्यांच्या दोन शेळ्या त्यानं नेलेल्या, वनखात्याचा पिंजरा बांधावर येऊन बसलेला. असा आयता धाक दारात असताना बागुलबुवाला कोण विचारतं?

बाई कामाला वाघीण. नवरा सावळेराम पिकअपमधून टोमॅटो घेऊन नारायणगावला गेला की गाई, घर आणि दोन पोरं ती एकटी सांभाळायची. सहा वर्षांची श्रेया शहाणी, सांगितलेलं ऐकणारी. तीन वर्षांच्या शौर्यची मात्र जेवणाच्या नावानं बोंब. गालात घास धरून तासभर बसायचा. मग उज्ज्वलाचं ठरलेलं असायचं, "जेव, न्हाई तर बाहेर ठिवीन. न जेवणाऱ्या पोरांना बिबट्या नेतोय." तो रडायला लागला की, "गप! आवाज ऐकून येतोय तो." पोरगं गप्प व्हायचं आणि मुकाट गिळायचं. पोरं कशी वाढवावीत हे आपल्याकडून शिकावं, असं ती बचत गटातल्या बायकांना ऐकवायचीसुद्धा.

त्या दिवशी सूर्य मावळताना ती मागच्या दारानं गोठ्यात गेली. गोठ्याला चहूबाजूंनी जाळी होती आणि घराचं पुढचं दार आतून बंद होतं. "भरव गं त्याला," असं श्रेयाला सांगून ती गेली. कडबाकुट्टी चालवली, धारा काढल्या आणि दुधाची किटली घेऊन आत आली. श्रेया टीव्हीसमोर मांडी घालून बसली होती. ताटातला वरणभात तसाच होता.

"शौर्य कुटंय?"

"बाहेर ठिवलाय." श्रेयानं टीव्हीवरची नजरही काढली नाही. "जेवतच न्हवता. दोनदा सांगितलं त्याला."

उज्ज्वलाला वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. मग तिनं दाराकडं पाहिलं. कडी लावलेलीच होती, पण कडीखाली स्टूल होतं.

किटली हातातून कधी सुटली ते तिला कळलंच नाही. तिनं दार उघडलं. ओटा रिकामा होता, अंगणही रिकामं. समोर ऊस सळसळत होता. "शौर्या! बाळा, ओ दे रं!" कुणी ओ दिली नाही. ती पुन्हा ओरडली, घसा फाटेस्तोवर ओरडली. नेलं माझं पोर, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

आधारासाठी तिनं पाण्याचं पिंप धरलं आणि पिंपामागं तिला शौर्य दिसला. भिंतीला चिकटून बसलेला, दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून. आई समोर आली तरी त्यानं हात काढले नाहीत.

"आरं, हाका मारत व्हते ना मी! ओ का न्हाई दिलीस?"

त्यानं एक हात जरासा बाजूला केला आणि कुजबुजला, "आवाज ऐकून येतोय तो."

त्याला छातीशी धरून ती आत आली आणि सांडलेल्या दुधातच बसली. श्रेयावर तिनं हात उगारला. पण पोरीच्या तोंडावर भीती नव्हती. आपण शहाण्यासारखं वागलो, आता आई शाबासकी देईल, अशा आशेनं ती बघत होती.

"आता जेवंल ना गं तो?"

उगारलेला हात तिथंच राहिला. "आगं, मी खोटं सांगत व्हते तुमाला."

"म्हंजी बिबट्या खोटाय?"

दार अजून उघडंच होतं. उज्ज्वला पोराला घेऊनच उठली, तिनं कडी लावली आणि ती पुन्हा खाली बसली. "बिबट्या खराय, बाई. बाकीचं माझं सगळं खोटं."

श्रेया शौर्यकडं बघत राहिली. "मंग मी त्याला उगंच बाहेर ठिवला?" म्हणून तिनं मोठ्यानं गळा काढला.

शौर्य आईच्या मांडीवरून घाईघाईनं उतरला आणि त्यानं आपला दुधानं भिजलेला हात बहिणीच्या तोंडावर दाबून धरला.