खोलीतून बाहेर पडायचा खेळ

खेळ मी केला आणि नाव नवऱ्याचं लागलं. एवढ्या एका वाक्यात ही गोष्ट संपते. पण माहेरी हे वाक्य बोलले तेव्हा 'अगं, घरातच राहिलं ना नाव' असं उत्तर मिळालं, म्हणून आता जरा नीट सांगते.

नव्या शतकाची ती पहिली वर्षं. दुबईतलं भाडं झेपत नाही म्हणून आम्ही शारजात राहायचो. नवरा दुबईतल्या अल कुसैसमधल्या एका कंपनीत होता. जाहिरातवाल्यांना वेबसाइट आणि सीडी करून द्यायच्या, हा त्या कंपनीचा धंदा. अंतर तसं काहीच नाही, पण रस्ता असा तुंबायचा की मुलीची नि त्याची गाठ सुटीच्या शुक्रवारीच पडायची. मी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअर झालेली, नोकरीही केलेली. इथे माझ्या पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का होता, त्यात 'गृहिणी' असं लिहिलं होतं, आणि काम करायला परवानगी नाही, हेही. काम करायचंच असेल तर नवऱ्याने त्याची हरकत नाही असं लिहून द्यायचं. अशा डिग्रीवाल्या गृहिणी आमच्या बिल्डिंगमध्ये मजल्यामजल्यावर होत्या. आर्किटेक्ट केक करायची, सीए झालेली शेजारीण लोकांच्या मुलांना गणित शिकवायची. सगळ्यांचं छान चाललंय, असं आम्ही एकमेकींना सांगायचो.

मी दुपारी कॉम्प्युटरसमोर बसायचे. हलती चित्रं करायचं एक सॉफ्टवेअर नवऱ्याने ऑफिसातून आणलं होतं. ते उघडायला त्याला कधी जमलं नाही, मी मात्र शिकले. त्या काळात इंटरनेटवर बंद खोलीचे खेळ नुकते यायला लागले होते. खोलीतल्या वस्तूंवर क्लिक करत जायचं, हाताला लागेल ते गोळा करायचं आणि दार उघडायचं. मी खेळले आणि वैतागले. बहुतेक खेळांत गालिच्याच्या कोपऱ्यात ठिपक्याएवढी किल्ली लपवलेली असायची. ती शोधायला डोकं लागत नाही, निरुद्योगी माणूस लागतो. मला वाटलं, याहून बरं मी करीन.

मी एक नियम ठरवला. खेळणाऱ्याला फसवायचं नाही. सगळं त्याच्या डोळ्यांसमोर ठेवायचं, आणि उत्तर सापडलं की त्याने कपाळावर हात मारून घ्यायचा. खोली कुठली घ्यायची यावर फार विचार करावा लागला नाही. आमचाच हॉल घेतला, स्वयंपाकाचा ओटा त्यातच होता. चार भिंती मुलीच्या ड्रॉइंगच्या वहीत काढल्या. सातवा मजला, त्यामुळे बाल्कनी असून उपयोग नाही. दाराला कुलूप. किल्ली बुचाला बांधलेली आणि ते बूच एका उभ्या, अरुंद काचेच्या बरणीच्या तळाशी. हात आत जात नाही आणि बरणी ओट्याला चिकटवलेली. म्हणजे पाणी ओतून बूच वर आणायला हवं, हे कुणालाही सुचेल. पण नळ कोरडा, कारण टाकी धुवायला काढली आहे.

मग पाणी कुठून आणायचं? इथे माझा खरा आनंद होता. आमच्या खिडकीतल्या एसीचं पाणी एका नळीने बाल्कनीत यायचं आणि खाली बादलीत पडायचं. दमट हवेत ती बादली भरून वाहायची. तेव्हा खेळात एसी लावायचा. पण एसीचं बटण तुटलेलं, आमच्या घरी होतं तसंच. ते पकडीने फिरवायचं, आणि पकड चपलांच्या कपाटात. एसी लावला, थोडा वेळ इतर काही करत बसलं की बादली भरते. ती न्यायची, बरणीत ओतायची, बूच तरंगतं. एकही वस्तू वाया नाही, काहीही आकाशातून पडत नाही. मुलीला खेळायला बसवलं. बूच वर आलं तशी ती टाळ्या पिटत ओरडली, "मम्मा, सो सिंपल!" माझ्या आयुष्यात इतकी चांगली दाद मला कुणी दिली नव्हती.

नवऱ्याने शुक्रवारी पाहिलं. पाहिलं म्हणजे मी माउस फिरवला आणि तो चहा पीत मागे उभा राहिला. "मस्त आहे गं," म्हणाला. पुढच्या आठवड्यात त्याच्या कंपनीला एका मॉलचं काम मिळालं. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांसाठी तिथे कॉम्प्युटर मांडायचे होते आणि त्यावर काहीतरी नवं हवं होतं. नवऱ्याने माझी सीडी नेली. नाव कुणाचं लावायचं, हे मी विचारलं. तो म्हणाला, "तुझं लावलं तर उद्या लेबर ऑफिसवाले विचारतील, गृहिणीने काम कसं केलं? कशाला नसती भानगड." खरंही होतं ते. पण मनाला चुटपुट लागली. आईने बाळाला जोजवायला दुसऱ्या बाईकडे द्यावं आणि लोकांनी 'किती छान बाळ हो तुमचं' असं त्या दुसरीलाच म्हणावं, तसं झालं.

मॉलची माणसं खेळ बघायला ऑफिसात आली, त्या दुपारी घरचा फोन वाजला. नवरा होता. हात माउसवर म्हणून फोन स्पीकरवर ठेवलेला, हे मला मागाहून कळलं.

"अगं, ती बरणी. पाणी कुठून घ्यायचं?"

मला हसूच आलं. "अरे, एसीच्या बादलीतलं."

"कुठली बादली?"

आमच्या बाल्कनीतली बादली मी रोज उचलायचे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, उन्हाळ्यात दुपारीही. त्या पाण्याने मी फरशी पुसायचे, झाडांना घालायचे. आणि एवढी वर्षं त्या घरात गार हवेत झोपणारा माणूस मला विचारत होता, कुठली बादली. "बाल्कनीत बघ, डावीकडे," मी सांगितलं. मागून त्याच्या लेबनीज मॅनेजरचा आवाज आला, "यल्ला, यल्ला!" म्हणजे चला, चला, आणि फोन बंद झाला.

खेळ मॉलमध्ये लागला. मुलीला घेऊन मी बघायला गेले. मुलं रांगेत उभी होती. केरळची, लेबननची, कराचीची पोरं एकमेकांना ढकलत होती, आणि बादली दिसली की अगदी आमच्या मुलीसारखीच ओरडत होती. पडद्यावर शेवटी नवऱ्याचं नाव यायचं. मुलगी मोठ्यांदा म्हणाली, "दॅट्स माय डॅडी!" लोकांनी वळून आमच्याकडे कौतुकाने पाहिलं. मी हसले. दुसरं काय करणार होते?

नवऱ्याला बढती मिळाली. पेढे मीच आणले आणि मीच वाटले.

संक्रांतीनंतर शेजारच्या बिल्डिंगमध्ये हळदीकुंकू होतं. तिथे नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका मराठी सहकाऱ्याची बायको भेटली. तिळगूळ हातावर ठेवत ती म्हणाली, "तुम्ही ती ऑफर का हो सोडली? आमचे हे सांगत होते, त्या फोननंतर मॅनेजरने सरळ विचारलं, ही खोली तुझ्या बायकोने केली ना? मराठी कळत नसूनही ओळखलं त्याने. म्हणाला, तिलाच आण, व्हिसाचं सगळं आम्ही करतो, तू फक्त हरकत नाही एवढं लिहून दे. तर तुमचे मिस्टर म्हणाले, तिला नकोय, मुलगी लहान आहे." मी "हो ना, मुलगी लहान," असं म्हटलं. कुणासमोर नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, एवढं वळण अंगात मुरलेलं. वाणाचा डबा घेऊन घरी आले.

शुक्रवारी जेवताना विचारलं. चिडून नाही, भात वाढता वाढता विचारलं. मी मनातल्या मनात त्याची बाजू आधीच तयार करून ठेवली होती. त्याला माझ्या कामातलं कळत नाही. त्याला तो खेळ म्हणजे दुपारचा टाइमपास वाटला. मी नाहीच म्हणेन, असं तो साधेपणाने धरून चालला असेल. यातलं काहीही तो म्हणाला असता तर मी मान्य करणार होते.

त्याने घास खाली ठेवला. "मॅनेजर तुला डिझाइनची हेड करणार होता," तो म्हणाला. "माझ्या वरती. मी रोज तुला रिपोर्ट करायचं? तू माझ्यापेक्षा कितीतरी चांगली आहेस, ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पण ते सगळ्या ऑफिसने बघायचं?"

मुलीने आमटी मागितली, ती मी वाढली. लग्नानंतर त्याने माझ्या कामाचं एवढं खरं कौतुक पहिल्यांदाच केलं होतं. न कळणाऱ्या माणसाबरोबर मी कुरकुरत का होईना, जन्म काढला असता. ह्याला कळत होतं. मी काय आहे हे जगात सगळ्यांत आधी ह्यालाच कळलं होतं, आणि कळलं म्हणूनच तो माझ्या वतीने नाही म्हणून आला होता.