नावाची मोकळी जागा

आमच्या मखमलाबादकडच्या मळेकरी घरांत लग्न ठरलं की आईला आधी बोलावणं यायचं, ते उखाण्यांसाठी. नवरीला शिकवायला, विहिणींना चिडवायला, आणि ऐन वेळी कुणी अडलीच तर मागून हळूच ओळ पुरवायला. दादांबरोबर, म्हणजे माझ्या वडिलांबरोबर, फुलबाजारात शेवंतीच्या पाट्या उतरवतानाही ती यमकं जुळवायची. दादा फार कमी बोलत. पण तिनं चारचौघांत नाव घेतलं की खाली बघून हसायचे.

नव्वदच्या दशकात, मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नुकताच लागलो होतो, तेव्हा दादा गेले. त्यानंतर आईला कुणी 'नाव घ्या' म्हटलं नाही. तसा नियम कुणी बोलून दाखवत नाही; नाव घेण्याची फेरी विधवेपाशी आली की फक्त पुढे सरकते. माझ्या लग्नातही सरकली. मी पाटावर बसून बघत होतो. 'आई, तू घे' एवढंसुद्धा माझ्याच्यानं म्हणवलं नाही. ते मनाला अजून लागून आहे.

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास घरी कॉम्प्युटर आला. इंटरनेटवर मराठी माणसांच्या गप्पांचा एक अड्डा बायकोला सापडला. तिथं एक पान निव्वळ उखाण्यांचं होतं. कुठल्या कुठल्या मुली लिहायच्या, 'परवा साखरपुडा आहे, कुणीतरी वाचवा!' एका रविवारी बायको म्हणाली, "आई, या पोरीला सांगा ना एखादा. रडकुंडीला आलीय."

आईनं तांदूळ निवडता निवडता सांगितला:

गंगापूरच्या पाटाचं पाणी आलं मळ्याला,
.....रावांचं नाव घेते, हार घालते गळ्याला.

"नावाच्या जागी काय टाकू?" मी विचारलं.

"मोकळी सोड. जिची तिनं भरावी."

मग दर रविवारी आईच्या नावानं एक-दोन उखाणे जाऊ लागले. काही महिन्यांनी मला तोच उखाणा दुसऱ्या एका पानावर दिसला, पण गंगापूर धरणाच्या जागी उजनी होतं. आणखी एका ठिकाणी तर पुण्याच्या कुणा मुलीनं लिहिलं होतं, 'टँकरचं पाणी आलं तिसऱ्या मजल्याला'. आणि नवऱ्याच्या नावापुढचं 'राव' सरळ उडवलेलं! माझं डोकं फिरलं. हा उखाणा माझ्या आईचा आहे, असं खरमरीत लिहायला बसलो.

ते सगळं मी मोठ्यानं वाचत होतो आणि आई मागे उभी राहून ऐकत होती. तिला हसू आवरेना. "तिसऱ्या मजल्याला! लय भारी जुळवलं पोरीनं."

"अगं, चोरलाय तो."

"मग मीपण चोरच हाय. हा माझ्या सिन्नरच्या मावशीचा. तिच्या उखाण्यात विहिरीचं पाणी होतं. आपल्याकडं पाट आला, मी पाट घातला. मावशीनं तरी कोणाचा उचलला, देवाला ठाऊक."

मी लिहिलेलं पुसलं. त्या दिवसापासून ती पानं मी वेगळ्या नजरेनं वाचू लागलो. देवळाली कॅम्पातल्या एका फौजीच्या बायकोनं त्याच चालीत बर्फ आणि बंदूक बसवली होती. परदेशातल्या एकीनं आईच्या दुसऱ्या एका उखाण्यातल्या द्राक्षांच्या जागी सफरचंदं आणली होती. शिकवायला कुणी बसलं नव्हतं, तरी कुठं काय बदलायचं आणि कुठं हात लावायचा नाही, हे या मुलींना बरोबर कळत होतं. माझ्या डोळ्यांदेखत हे चाललं होतं आणि मी मालकी सांगायला निघालो होतो.

अशाच एका रविवारी सटाण्याच्या एका बाईंनी आईला उद्देशून लिहिलं, 'काकू, सगळ्यांना उखाणे देता, आता तुमच्या यांचं नाव घ्या बरं. त्याशिवाय सोडणार नाही.' खाली आणखी दोघी-तिघींनी आग्रह धरला.

त्यांना आईचं कपाळ दिसत नव्हतं.

मी ते मोठ्यानं वाचून बसलो होतो. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी घाईनं म्हणालो, "राहू दे आई, मी लिहितो काहीतरी." बोललो आणि माझं मलाच उमगलं की फेरी पुन्हा पुढे सरकवायला निघालेला मीच होतो.

"तू का?" आई म्हणाली. "मला विचारलंय ना तिनं?"

तिनं हात पदराला पुसले. मग नेहमीच्या चालीत, पण हळू आवाजात म्हणाली:

ओल्या फडक्याखाली शेवंती राहते ताजी,
.....रावांचं नाव घ्यायला मी आजही राजी.

इथले ठिपके माझे; तिनं मोकळी जागा ठेवली नव्हती. दादांचं नाव तिनं पूर्ण, स्पष्ट घेतलं. इतक्या वर्षांनी ते तिच्या तोंडून ऐकताना मला अक्षरं दिसेनाशी झाली. बायकोनं मला बाजूला सारलं आणि स्वतः टाइप केलं.

"खाली लिही," आई म्हणाली, "ते आता नाहीत म्हणून. तिला ठाऊक असलेलं बरं."

बायकोनं तेही लिहिलं. आम्ही तिघं पडद्याकडे बघत बसलो. उत्तर येईना. बाई ओशाळल्या असतील, आता माफी मागतील आणि विषय बदलतील, असं मला वाटलं.

मग ओळ उमटली, 'काकू, लाखात एक. काका कसे होते ते कळू द्या की आम्हाला. अजून एक घ्या.'

आईनं खुर्ची पुढे ओढली. "थांब म्हणावं तिला," ती म्हणाली. "जुळवू तर दे."